वाडीची बाजू

यंदा पुतण्याने विहिरीच्या अंगाला करडईचा एक पट्टा पेरला आणि माझी पंचाईत करून ठेवली. इतकी वर्षं आमच्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन. करडई डोळ्याआड होती तोवर मीही बरी होते. फाल्गुनात गावी गेले, पहाटे सहज म्हणून बांधावर उभी राहिले आणि तो वास आला. करडईला वास असतो म्हटलं तर आमच्या घरात कुणाला पटत नाही. ओल्या गोणपाटासारखा, थोडा तेलकट, थोडा वाळल्या फुलांचा कडवट. मी तिथेच उभी राहिले. पुतण्याला वाटलं काकूला चक्कर आली. तो पाणी घेऊन धावला, मी ते प्यायलेही. काय झालं ते सांगत बसण्यापेक्षा पाणी पिणं सोपं होतं.

सांगायला माझी ना नसते, ऐकणारे नसतात. "त्या फाल्गुनात" एवढं मी म्हटलं की माझी मुलं चपला शोधायला लागतात. नवरा पेपर तोंडासमोर धरतो, कधी कधी उलटासुद्धा. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद उठून जात नाही.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. मी हिंगोली गावातली पोर, सातवी शिकलेली, लग्न होऊन औंढ्याच्या पुढे शिरड शहापूरच्या अंगाला एका वाडीत येऊन पडले. घरात मेंढरं, शेती आणि खाटेच्या पायाला सुतळीने बांधलेला एक रेडिओ. तो रेडिओ सासऱ्यांचा. नाव ग्यानबा, पण सारं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणू लागले. निजामाच्या काळात शाळा शिकल्यामुळे त्यांच्या बोलण्यात इमान, जबान, बराबर असे शब्द यायचे आणि रागावले की ते आणखी वाढायचे. रागावण्याची वेळ संध्याकाळच्या बातम्यांची. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मुंबईत आमदार बाजू बदलत होते, सरकार पडत होतं, दुसरं उभं राहत होतं. तात्या रेडिओवर ओरडायचे. त्यांचं म्हणणं एकच. ज्या बाजूने निवडून आलास ती सोडायची तर खुर्ची ठेव, घरी जा, पुन्हा लोकांपुढे हात जोड, लोकांनी दिलं तर ये. असा नियम दिल्लीत का करत नाहीत, हा प्रश्न ते रेडिओला विचारायचे, मला विचारायचे, मेंढरांनाही विचारत असावेत. एकदा आमदारसाहेब वाडीवर आले तेव्हा त्यांनाही हा नियम समजावून सांगितला. साहेबांनी मान डोलावली, कल्पना फार चांगली आहे म्हणाले, माझ्या हातचा चहा घेतला आणि पुढच्या महिन्यात स्वतःच पलीकडे गेले. चहामुळे गेले असं माझा नवरा अजून म्हणतो.

दिल्लीने केला नाही तो नियम आमच्या ग्रामपंचायतीत झाला. सात जणांची पंचायत. तीन पाटलांचे. तीन आमच्या वाडीचे: तात्या, त्यांचे चुलतभाऊ सखारामकाका आणि बापूराव नावाचा एक तरणा गडी. सातवा किसन, बौद्ध वस्तीचा. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर तात्या आणि किसन एकाच ढिगाऱ्याची खडी फोडत होते. तिथली त्यांची सोबत. किसनला वर्तमानपत्र वाचायची आवड आणि तात्यांना रेडिओची, त्यामुळे त्यांचं भांडणही रोज ताजं असायचं. तर वाडीचे तीन आणि किसन एक, अशी चौघांची युती ठरली. सरपंचपद अर्धी मुदत तात्यांकडे, अर्धी किसनकडे. चांगलं सरळ होतं सगळं.

सरपंचाची निवड होईपर्यंत पाटलांनी कुणाला फोडू नये म्हणून चौघांना आमच्या आखाड्यावर नेऊन ठेवलं. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातला गोठा, खळं आणि एक छप्पर. आता टीव्हीवर आमदारांना बसमध्ये घालून कुठल्याशा हॉटेलात नेलेलं दाखवतात, तेव्हा मुलगा मोठ्या कौतुकाने मला ते समजावून सांगतो. मी त्याला काय सांगू? तुझ्या आईने हे हॉटेल चालवलंय बाबा, आचारी मीच होते. माझ्या भाकरी तेव्हा गोल सोडून बाकी सगळ्या आकारांच्या व्हायच्या. किसनने एक भाकरी उजेडात धरून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, "सूनबाई, ही पाटलाकडं धाडून द्या. मानूस आपसूक राजीनामा देतो." सगळे हसले, मीही पदरात तोंड घालून हसले.

सासूबाईंनी किसनसाठी वेगळं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट पाठवलं होतं. तात्यांनी ते आपल्यापुढे ओढलं आणि आपली पितळी किसनपुढे सरकवली. किसनने जेवायला घेतलं. सखारामकाकांनी पाहिलं आणि मान वळवली. मीही पाहिलं, आणि दोघांना आमटी वाढली.

आखाड्यावरच्या त्या दिवसांत पहारा कुणावर होता, हे आता लक्षात येतं. सखारामकाका पुसेगावच्या बाजारात जाऊन यायचे, बापूराव सासुरवाडीला जाऊन आला. किसन मात्र डबा घेऊन नाल्याकडे निघाला तरी बापूराव चार पावलं मागे. फुटला तर हाच फुटणार, हे सगळ्यांनी न बोलता धरलं होतं. किसन नाल्यातून ओरडायचा, "बापू, ये की रं जवळ, लांबून काय दिसतंय?"

मग बेल उचलायचं ठरलं. आमच्याकडे इमानाची गोष्ट नागनाथापुढे होते. औंढ्याच्या देवळात बेल आणि भंडारा हातात घेऊन शब्द बोलायचा. एकदा तो बोलला की मोडायचा नाही, मोडला तर कुळी बुडते, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. सगळे बैलगाडीने औंढ्याला गेले. नवी सून म्हणून देवदर्शनाला मीही गाडीत. किसन देवळाच्या बाहेर उभा राहिला. बेल उचलणार नाही म्हणाला. सखारामकाकांचा आवाज चढला, मग ह्याचा भरोसा काय? किसन शांतपणे म्हणाला, "मी देव सोडले काका, जबान न्हाई सोडली."

त्या एका वाक्यावर तात्या खूष. पण बाकीचे घुटमळत होते, म्हणून तात्यांनी त्यांचा रेडिओला सांगून सांगून घोटलेला नियम तिथल्या तिथे मांडला. जो आपली बाजू सोडील त्याने पंचायतीतून उठायचं आणि पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं. किसनने हात वर करून मान्य केलं. मग वाडीच्या तिघांनी आत जाऊन बेल उचलला. बोलायचे शब्द सखारामकाकांनी सांगितले. वाडीची बाजू सोडणार नाही, असं तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलले. तात्याही बोलले. किसन बाहेर चपला राखत होता. त्याला दिलेल्या शब्दासाठी बेल कुणी उचललाच नाही. कुणाला सुचलंच नाही ते. सगळं कुंपण त्याच्या बाजूने घातलेलं, कारण ढोर तिकडूनच शिरणार असं धरलेलं. आमच्या बाजूला कुंपणाची गरज काय, तिथे तर आपण स्वतःच.

परत येताना गाडीत सगळे रेवड्या खात होते. तात्या म्हणाले, दिल्लीला कळवा रे कुणी, आमच्यापासून शिका म्हणावं.

तात्यांची अर्धी मुदत सरली ती फाल्गुनात. तोच हा फाल्गुन. करडई उभी होती. आमची आणि किसनची सावड होती, म्हणजे आमच्या रानात त्यांनी यायचं, त्यांच्या रानात आम्ही जायचं, मजुरीचा प्रश्न नाही. दव असेतो काटे मऊ असतात, म्हणून झुंजूमुंजूलाच रानात उतरायचं. हाताला चिंध्या बांधायच्या, कपाळापर्यंत पदर ओढायचा आणि वाकायचं. वाळलेली केशरी फुलं केसांत, पदरात, कानात जायची. घरी आले की सासूबाई म्हणायच्या, पिवळी हळद लावून आलीस की काय पुन्हा. किसनची बायको सरूबाई माझ्या शेजारच्या पातीला असायची. तिचा विळा चालायचा तसं तोंडही चालायचं. त्या दिवसांत ती एकाच गोष्टीवर बोलत होती. सरपंच होण्याच्या दिवशी नवऱ्याने घालायचा सदरा. नवा घ्यायचा म्हटलं तर तो नको म्हणतो. जुना आहे तो धुऊन धुऊन मातकट झालाय.

"तुमच्याकडं नीळ हाय का, सूनबाई?" तिने विचारलं. "हिंगोलीची हाव तुमी, तुमच्यापाशी आसंल."

माझ्या लग्नाच्या पेटीत नीळ होती. मी पुडी आणून दिली. तिने ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मग दिवसभर दर थोड्या वेळाने हात लावून पाहत होती.

आमची करडई निघाली आणि त्याच दुपारी सखारामकाका आणि बापूराव आमच्या अंगणातल्या लिंबाखाली येऊन बसले. मी चहा दिला. सखारामकाकांनी बशीत चहा ओतला, प्यायला, आणि सांगून टाकलं की वाडी आता पाटलांबरोबर जाते आहे. वाडीला रस्ता मिळतो आहे. गावाचं काम अडायला नको. किसनचं नाव त्यांनी घेतलं नाही. तात्यांनी घेतलं, तर बापूराव जमिनीकडे पाहत म्हणाला, वाडीतली माणसं ऐकणार न्हाईत. काय ऐकणार नाहीत ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. जर्मनचं ताट कुणासाठी आलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्या उठून उभे राहिले. जबानीची गोष्ट निघाली, इमानाची निघाली, नियमाची निघाली. फुटताय तर राजीनामे द्या, म्हणाले. सखारामकाका बसूनच होते. ते म्हणाले, फुटतंय कोण? वाडी आख्खी चालली. एक गेला तर फितूर, सगळे गेले तर ती बाजूच झाली. "बेल तूबी उचललास, ग्यानबा. वाडीची बाजू सोडणार न्हाई म्हनून. आता एकला मागं राहिलास, तर फुटला कोण? तूच."

तात्या पुन्हा खाटेवर बसले. रेडिओ त्यांच्या पायाशी होता. त्यांनी तो उगीचच थोडा बाजूला सरकवला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस. कपबशा उचलून मी आत आले आणि चुलीपुढे बसले, त्या दिवशी भाकरी मात्र गोल झाल्या.

पुढे मी बऱ्याच जणांना विचारलंय, वकिलालाही विचारलंय: माणसाने दोन शब्द दिलेले असतील, एक देवापुढे आणि एक माणसापुढे, तर कुठला पाळायचा? वकील म्हणाला, लेखी कुठला आहे ते पाहावं लागेल.

निवडीच्या दिवशी पंचायतीच्या दारात गाव जमलं होतं. आम्ही बाया पलीकडे मारुतीच्या पाराच्या आडोशाला. किसन आला. सदऱ्याला नीळ जरा जास्तच झाली होती. खांद्यावर, कॉलरवर निळे ढग उमटलेले. सरूबाई माझ्या शेजारी उभी होती. "लई पडली का वं नीळ?" तिने हळूच विचारलं. मी न्हाई म्हटलं.

खिडकी उघडी होती. ग्रामसेवकाने पाटलांच्या पुतण्याचं नाव घेतलं आणि हात वर करायला सांगितले. पाटलांचे तीन वर झाले. सखारामकाकांचा झाला, बापूरावाचा झाला. सगळ्यात शेवटी, खालून कुणी वजन बांधल्यासारखा, तात्यांचा झाला. ग्रामसेवक नवा होता. त्याचा विश्वास बसेना, तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. तेवढा वेळ हात वरच होते. किसन एकटा मांडीवर हात ठेवून बसलेला. त्याने तात्यांकडे पाहिलं.

"मोजून झालं, तात्या," तो म्हणाला. "घ्या हात खाली. दुखंल."

सरूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती फक्त म्हणाली, चला, शेरडं सोडायची हायत, आणि गेली.

मी या गोष्टीत विनोद शोधत आले आहे, इतकी वर्षं. सांगताना ग्रामसेवकाची नक्कल करते, सखारामकाकांची बशी करून दाखवते, लोक हसतात. इथे आले की माझा आवाज जातो. मुलं चपला शोधतात ती बहुधा याच जागेच्या भीतीने. आई रडते हे त्यांना आवडत नाही, आणि मी हसवता हसवता रडते हे तर त्याहून वाईट.

किसनने दुसऱ्या दिवशी पंचायतीचा राजीनामा दिला. सगळ्यांनी विचारलं, तू काहून? तू तर कुठं गेला न्हाईस. तो म्हणाला, ज्या युतीच्या नावावर मी मतं मागितली ती युती राहिली न्हाई. लोकांना परत विचारतो. गावाला हा खुळेपणा वाटला. सगळ्या तालुक्यात तात्यांचा नियम पाळणारा तो एकटाच निघाला, आणि त्याने मोडलं काहीच नव्हतं.

त्यांची करडई उभीच होती. सावडीचे आमचे हात बाकी होते. पहाटे तात्या, मी आणि माझा नवरा विळे घेऊन त्यांच्या रानात गेलो. बांधाशी पोहोचलो तर रान मोकळं. दोघा नवरा-बायकोंनी आदल्या पहाटेच सगळी काढली होती. लेकरांनाही लावलं असणार, पातीत लहान लहान पावलं उमटली होती. तात्या बांधावर उभे राहिले. मग खाली वाकून गळलेली बोंडं एक एक उचलून धोतरात गोळा करू लागले. कसल्या कामाची नव्हती ती. मी म्हटलं, तात्या, चला. ते आले.

वाडी आणि वस्ती एकाच वॉर्डात. किसन पोटनिवडणुकीला उभा राहिला, पाटलांनी त्याच्यासमोर वस्तीतलाच एक पोरगा उभा केला. किसन हात जोडून दारोदार फिरला, आमच्याही दारी आला. तात्या आत होते, आतच राहिले. मी पाणी दिलं. तो पाणी प्यायला, "येतो सूनबाई" म्हणाला. मतदानाच्या दिवशी मी तात्यांना म्हटलं, "तात्या, पेटीत चिठ्ठी टाकताना कोण बघतंय?"

तात्या म्हणाले, "नागनाथ बघतो."

मतदानाला ते गेलेच नाहीत. किसन पडला. त्या पावसाळ्याआधी त्याने बिऱ्हाड हिंगोलीला हलवलं. मोंढ्यात हमाली करू लागला म्हणे. तात्यांनी रेडिओ विकला नाही, पण संध्याकाळी लावायचं सोडलं. तो मी शेगडीशेजारी आणला आणि गाणी ऐकू लागले. घरातल्या राजकारणाची जागा अशी स्वयंपाकाने घेतली.

काही वर्षांनी तात्यांचा डोळा दाखवायला मी त्यांना हिंगोलीला नेलं होतं. परतीला स्टँडवर उभे होतो. तात्यांच्या एका डोळ्यावर पट्टी, हातात माझा हात. किसननेच आम्हाला पाहिलं. केस पांढरे झाले होते, खांद्यावर हमालाचं फडकं, काखेत वर्तमानपत्र. डोळ्याची चौकशी केली, मेंढरांची केली, सासूबाईंची केली. सगळ्यांची नावं घेऊन केली. मग बोलायचं संपलं.

किसनने वर्तमानपत्र काढलं. "दिल्लीत कायदा झाला, तात्या. तुमी म्हनत होते तो. फुटला की खुर्ची गेली."

तात्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "झाला? बराबर झालं."

"पन एकला फुटला तर. पक्षातले तीनातला एक या हिशोबानं मिळून निघाले तर चालतंय. मग ती फूट धरतात, फितुरी न्हाई."

तात्या म्हणाले, "म्हंजी आपलाच नियम झाला की."

"आपला न्हाई," किसन म्हणाला. रागाने नाही, दुरुस्ती करावी तसा. "तुमचा."

तेवढ्यात औंढ्याची एसटी लागली. बाजाराचा दिवस, स्टँड फुटून वाहत होतं. दाराशी रेटारेटी सुरू झाली, पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याला घेऊन मी कुठे शिरणार? किसनने वर्तमानपत्र माझ्या हातात कोंबलं, धावत खिडकीपाशी गेला, खांद्यावरचं फडकं काढून आत टाकलं आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. आम्ही कसेबसे आत गेलो तेव्हा गाडी सुरू झाली होती. खिडकीतून पाहिलं तर तो गर्दीत मागे पडला होता. फडकं परत द्यायचं राहून गेलं.

मी तात्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. वरचा दांडा धरून उभे राहिले. मी पुन्हा म्हटलं, कंडक्टर म्हणाला, एक बाई म्हणाली, बाबा डोळ्याला पट्टी हाय, बसा की. त्यांनी मान हलवली. ठासून भरलेल्या गाडीत ती एक जागा रिकामी, तिच्यावर मळकं फडकं. कुणी एक माणूस पोतं घेऊन पुढे सरकला आणि बसायला वाकला, तेव्हा तात्यांनी हात आडवा केला.

"कुणाची हाय का जागा?" त्याने विचारलं.

"किसनची," तात्या म्हणाले.

त्या माणसाने गाडीभर नजर फिरवली. किसन कुठेच नव्हता. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून तो पोत्यावरच बसला. औंढा येईपर्यंत तात्या तसेच उभे होते, हात वर दांड्याला, आणि जागा रिकामीच होती.